वहीला कुलूप नसते

शनिशिंगणापूरला जाऊन आलेल्या माणसाला घरी परतल्यावर एकच प्रश्न विचारला जातो: तिथल्या घरांना खरेच दारे नाहीत का? शनिदेवाच्या शिळेवर छप्पर नाही, तशी गावातल्या जुन्या घरांच्या चौकटींना फळी नाही, एवढे सगळ्यांना ठाऊक असते. 2011 साली युको बँकेने गावात शाखा उघडली तीही कुलूप नसलेली शाखा म्हणून गाजली. चोऱ्या अजिबात होत नाहीत असे आता कुणी छातीठोकपणे सांगणार नाही, काही तक्रारी पोलिसांत नोंदल्याही गेल्या. तरी दार न लावण्याचा गावाचा हट्ट टिकून आहे.

आणि मग 2025 साल आले. देवस्थानाच्या नावाने बनावट अ‍ॅप काढून, पूजा आणि तेलाभिषेक घरबसल्या करून देतो असे सांगून भाविकांकडून पैसे घेतले गेल्याचे आरोप झाले. विषय विधानसभेत गेला, पोलिसांचा तपास सुरू झाला. तपासाचे काय व्हायचे ते होईल. मला त्यातली एकच गोष्ट बोचली. ज्या गावाने शतकानुशतके चोराला उंबऱ्यावरून आत येऊ दिले नाही असे म्हणतात, तिथे चोर आला तो मोबाइलच्या काचेतून.

वारकऱ्यांच्या मासिकात शनीच्या गावाची कथा कशाला, असे कुणी म्हणेल. शिंगणापूर नेवासे तालुक्यात येते, एवढे उत्तर आपल्याला पुरे. प्रवरेकाठच्या नेवाशात पैसाच्या खांबाशी बसून माउली बोलली आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतले. शके 1212, म्हणजे इ. स. 1290. ज्ञानेश्वरीच्या शेवटी शक आहे, गावाचा परिसर आहे आणि लिहिणाऱ्याचे नावही आहे. आपल्या संप्रदायाचा मुख्य ग्रंथ सांगणाऱ्याइतकाच लिहिणाऱ्याचा आहे, हे नेवाशाला गेल्यावर मनात ठेवावे.

हे काही एकदाच घडले नाही. कोणत्या संताचे बोल कोणी लिहिले याची यादी देणारा एक अभंग जनाबाईंच्या नावे परंपरेत आहे. निवृत्तिनाथांचे बोल सोपानदेवांनी लिहिले, मुक्ताईंचे ज्ञानदेवांनी, सावता माळ्यांचे काशिबा गुरवाने, चोखोबांचे अनंतभटाने, आणि जनीचे खुद्द पांडुरंगाने. ही यादी एकदा लक्ष देऊन पाहा. तीत गुरव आहे, कासार आहे, भट आहे, देव आहे. जगात किती धर्मपरंपरांनी आपल्या लेखनिकांची नावे अशी भजनात गाऊन जपली असतील, मला शंका आहे. राजाच्या दरबारात लेखनिक हा चाकर असतो. आपल्याकडे तो भक्तीचा भागीदार झाला.

म्हणून आज मी तुमच्यापुढे वहीची बाजू तपासायला घेतो आहे. तपासायला, कैवार घ्यायला नव्हे. कारण वहीची तरफदारी करणारे पुष्कळ लेख अलीकडे वाचले आणि त्यातले बरेचसे मला पटले नाहीत.

मोबाइलवर आता काय नाही? गाथा आहे, ज्ञानेश्वरी आहे, नाथांचे भागवत आहे, हरिपाठ चालीसकट ऐकायला मिळतो. तरीही आळंदीत, पंढरपुरात, देहूत दुकानांच्या फळ्यांवर कोऱ्या वह्या विकल्या जातात आणि त्या घेणारे सगळे म्हातारे नसतात. कीर्तन शिकणारी मुले घेतात, भजनी मंडळातल्या बायका घेतात. का घेतात, असे विचारले तर वहीचे कैवारी तीन उत्तरे देतात. वही टिकते. वही शुद्ध असते. वही सात्त्विक असते. तिन्ही उत्तरे मला कच्ची वाटतात.

वही टिकते म्हणता? मग देहूला चला. विठ्ठलमंदिरात तुकोबारायांच्या हातची म्हणून जी वही जपली आहे तिला ‘भिजकी वही’ म्हणतात. दिलीप चित्रे यांनी तुकोबांचे अभंग इंग्रजीत नेले, तो ‘सेज तुका’ हा संग्रह 1991 साली आला. त्याच्या प्रस्तावनेत ते या वहीविषयी सांगतात की विसाव्या शतकाच्या आरंभी तिच्यात सुमारे 700 अभंग होते आणि आता उरले आहेत 250 च्या आसपास. इंद्रायणीने तेरा दिवसांनी परत दिले ते आपल्याच शंभर वर्षांत निम्म्याहून अधिक गेले. नदीला बोल लावायला जागा उरली नाही. कागदाला वाळवी लागते, ओल लागते, आणि देवाची वस्तू म्हणून एखादे पान मागून नेणारे श्रद्धाळू हातही लागतात.

या नावाकडेही जरा पाहा. परंपरा सांगते की वह्या पाण्यावर कोरड्या वर आल्या. पण लोकांनी नाव ठेवले ते ‘भिजकी’. कोरडी वही असे कुणी म्हटले नाही. चमत्कार मानणाऱ्या माणसांनीच वहीची आठवण तिच्या भिजण्यावरून ठेवली. अरुण कोलटकरांनी आपल्या कवितासंग्रहाला हेच नाव दिले आणि 2005 चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांच्या निधनानंतर त्याच पुस्तकाला मिळाला. जगभरच्या रडणाऱ्या स्त्रियांच्या त्या कविता आहेत. वारकऱ्याने तो संग्रह वाचलाच पाहिजे असे नाही, पण देहूच्या वहीचे नाव किती दूरवर पोचले ते माहीत असावे.

दुसरे उत्तर, वही शुद्ध असते. हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर तुकोबांच्या नावाने काहीही फिरते. शेवटी ‘तुका म्हणे’ जोडले की झाला अभंग. कुणी त्यात राजकारण घालतो, कुणी आरोग्याचा सल्ला. याचा संताप मलाही येतो. पण हा रोग मोबाइलने आणला, हे म्हणणे खोटे आहे. ज्ञानेश्वरी सांगून झाल्यावर 294 वर्षांनी, शके 1506 मध्ये, नाथमहाराजांना ज्ञानेश्वरीचे शुद्धीकरण करावे लागले. तेव्हा मोबाइल नव्हता, छापखानाही नव्हता. नुसते बोरू आणि शाई होती, आणि त्यांनीच पाठ बिघडवले होते. नकलणाऱ्याला एखादा शब्द लागला नाही की तो ओळखीचा शब्द घाली, एखाद्याला स्फुरण आले की स्वतःची ओवी बसवून मोकळा होई. यात आपली भर घालू नका, असा स्पष्ट इशारा नाथांना देऊन ठेवावा लागला, तो उगाच नव्हे.

तरीही जुन्या वहीत आणि आजच्या फॉरवर्डमध्ये एक फरक आहे, आणि मला तो फार मोठा वाटतो. जुन्या पोथीच्या किंवा बाडाच्या शेवटी नकलणारा आपले नाव, गाव, शक, तिथी घालत असे. चूकभूल झाली असेल तर क्षमा करा असे लिहून ठेवी. म्हणजे चूक झाली तर ती कुणाच्या हातून झाली ते कळे. हस्ताक्षरही एक प्रकारची सही असते. फॉरवर्ड केलेल्या अभंगाला हातच नसतो. तो तुमच्यापर्यंत दहा हजार लोकांकडून आला तरी तो कुणीच लिहिलेला नसतो. नाथांनी आज शुद्धीकरण करायचे म्हटले तर मूळ प्रत कुणाच्या दारात जाऊन मागायची?

हात ओळखता येणे म्हणजे काय, ते संताजी महाराज जगनाडे यांच्या वह्यांवरून उमगते. चाकणचे संताजी तेली हे तुकोबारायांच्या टाळकऱ्यांपैकी, आणि कडूसचे गंगाजी मवाळ यांच्याप्रमाणे तुकोबांचे अभंग लिहिणारे. त्यांच्या वह्या तळेगावी सापडल्या. वि. ल. भावे यांनी त्या 1919-20 मध्ये दोन भागांत छापल्या, नाव दिले ‘तुकारामबुवांचा अस्सल गाथा’. त्याआधी 1873 मध्ये सरकारच्या साहाय्याने विष्णु परशुरामशास्त्री पंडितांनी सिद्ध केलेला मोठा गाथा आला होता. साडेचार हजारांच्या वर अभंग, अनेक हस्तलिखिते ताडून पाहिलेली. विद्वत्तेच्या दृष्टीने पंडितांचे काम थोर आहे, आणि आजही आपण म्हणतो त्या पुष्कळ गाथ्यांचा पाया तिथेच आहे. संताजींच्या वह्यांत अभंग त्या मानाने थोडे. लेखन शास्त्रीबुवांसारखे घासूनपुसून घेतलेले नाही. जसे कानावर पडले तसे उतरले आहे, ऱ्हस्व-दीर्घाची पर्वा नाही, शब्द कुठे जोडलेले कुठे तुटलेले.

आता समीक्षक म्हणून मला कुणी विचारले की यातला खरा गाथा कोणता, तर मी निवाडा देणार नाही. ‘अस्सल’ हा शब्द भाव्यांनी जरा घाईने वापरला असे मला वाटते. एका टाळकऱ्याच्या वहीत नाही तो अभंग तुकोबांचा नाहीच, असे कसे म्हणता येईल? तेलघाणा सांभाळून जेवढे ऐकले तेवढेच संताजींनी लिहिले असणार. पण त्या अशुद्ध लेखनात एक गोष्ट आहे, ती पंडितांच्या शुद्ध छपाईत येऊ शकत नाही. ऐकणाऱ्याचा कान तिथे दिसतो. तुकोबांच्या कीर्तनात जवळ उभ्या असलेल्या माणसाला शब्द कसा ऐकू आला, हे त्या वेड्यावाकड्या अक्षरातून कळते. चूक सुधारली की पाठ नीट होतो आणि साक्षीदार नाहीसा होतो. मोबाइलवर आपण टंकतो तेव्हा यंत्र आपल्या आधीच शब्द सुचवते आणि दुरुस्त करून टाकते. सोयीचे आहे. पण तुमच्या आजीने ‘ग्यानबा’ म्हटले होते की ‘ज्ञानोबा’, ते यंत्राने ठरवू नये.

तिसरे उत्तर, वही सात्त्विक असते. इथे मी अधिक कडक आहे. कागद सात्त्विक आणि काच तामसी, असा भेद आपल्या संतांनी कुठे केलेला नाही. त्याच कागदावर सावकाराचे खतही लिहिले जाई. ताहराबादच्या महिपतिबुवांची कथा आठवा. ताहराबाद शेजारच्या राहुरी तालुक्यातले, शिंगणापूरहून फार लांब नाही. महिपती गावचे कुळकर्णी. कथा अशी सांगतात की ते पूजेत असताना जहागीरदाराचा शिपाई बोलावणे घेऊन आला, अपशब्द बोलला. बुवा गेले, काम उरकले, परत आले आणि कानावरची लेखणी उतरवून देवापुढे ठेवली. या लेखणीने आता चाकरी करायची नाही. पुढे त्याच हाताने 1762 मध्ये ‘भक्तविजय’ लिहिला, 1774 मध्ये ‘भक्तलीलामृत’. आज तुम्हीआम्ही संतचरित्रे म्हणून जे सांगतो त्यातले अर्धेअधिक महिपतींच्या लेखणीतून आलेले आहे.

या कथेत लेखणी बदलली नाही. तिचे काम वेगळे काढले गेले. आणि इथे मला मोबाइलची खरी अडचण दिसते. तिचा सात्त्विकतेशी काही संबंध नाही. मोबाइलमध्ये महिपतींना जे करता आले ते करता येत नाही. एकाच काचेवर हरिपाठही आहे आणि जहागीरदाराचा शिपाईही. सातवा अभंग चालू असताना वरून पट्टी उतरते: हप्ता भरा, क्रिकेटचा निकाल पाहा, कार्यालयातून निरोप आला आहे. तुम्ही पाहिले नाही तरी डोळा जाऊन येतो. वहीत असा शिपाई येऊ शकत नाही, कारण वहीला बाहेरचे काही कळतच नाही. वहीचे अडाणीपण हाच मला तिचा सर्वांत मोठा गुण वाटतो.

आता हाताने लिहिण्याच्या फायद्याविषयी. पॅम म्युलर आणि डॅनियल ओपेनहायमर यांचा 2014 चा एक अभ्यास वहीचे कैवारी नेहमी पुढे करतात. व्याख्यान ऐकताना लॅपटॉपवर टिपणाऱ्यांनी अधिक शब्द उतरवले, पण अर्थ विचारणाऱ्या प्रश्नांत हाताने टिपणारे सरस ठरले. कारण असे सांगितले गेले की हात हळू चालतो, म्हणून काय घ्यायचे ते मनाला आधी निवडावे लागते. पुढे 2019 मध्ये इतरांनी तोच प्रयोग फिरून केला तेव्हा फरक इतका ठळक दिसला नाही, हे मात्र कुणी सांगत नाही. तेव्हा शास्त्राने वही जिंकली असे म्हणू नका. निवडीचा मुद्दा मात्र मी सोडणार नाही, कारण तो आपल्या मंडपात रोज पाहायला मिळतो.

पूर्वी सप्ताहातले कीर्तन ऐकून घरी गेलेला श्रोता रात्री कंदिलापाशी बसून दोनचार ओळी लिही. दोन तासांच्या कीर्तनातून एखादा दृष्टान्त, एखादे प्रमाण, एखादा प्रश्न. बाकीचे गळून जाई. आज मंडपात पाहा, पन्नास हात वर आणि पन्नास मोबाइल कीर्तनकारावर रोखलेले. अख्खे कीर्तन साठवले जाते आणि फार थोड्यांकडून ते पुन्हा ऐकले जाते. साठवले आहे या समाधानात ऐकायचेच राहते. कीर्तनकारांनी श्रोत्यांना एवढे तरी सांगायला हरकत नाही की बाबांनो, हात खाली घ्या, टाळी वाजवायला मोकळे ठेवा.

पण कीर्तनकारांनाही सोडता येणार नाही. आपल्याकडे उभे राहून, हातात काही न धरता, पाठांतरावर बोलण्याची शिस्त आहे. जोगमहाराजांनी 1917 मध्ये आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली ती याच शिस्तीवर. तिथली वही फडावर आणण्यासाठी नसते. आधी लिहायचे, मग घोकायचे, मग वही मिटायची. म्हणजे वहीचे काम स्वतःला अनावश्यक करणे. म्हणून फडावर मोबाइल पाहून प्रमाण देणारा कीर्तनकार आणि वहीत डोके घालून देणारा कीर्तनकार यांत मला डावेउजवे करता येत नाही. दोघांचेही घोकायचे राहून गेले आहे.

लिखित जपाच्या वह्या तर तुम्ही पाहिल्याच असतील. पानभर नाम, ओळीवर ओळ. घरातली म्हातारी माणसे दुपारी लिहीत बसतात, शंभर पानांची वही भरली की मंदिरात नेऊन ठेवतात. आता हेच मोबाइलवर करायचे तर एकदा नाम टंकायचे, बोटाने दाबून धरायचे, उचलायचे आणि हजार वेळा चिकटवायचे. अर्ध्या मिनिटात लक्ष जप. आकडा खरा, जप कुठे आहे? गणित आणि नाम यांची इतकी स्वच्छ फारकत दुसऱ्या कुठल्या उदाहरणात मला सापडली नाही. वहीतल्या शेवटच्या ओळीतले नाम पहिल्या ओळीतल्यासारखे दिसत नाही. हात थकलेला असतो, अक्षर उतरलेले असते, मध्येच कुणी हाक मारली तर तिथे शाईचा ठिपका पडलेला असतो. तो ठिपकाही जपातच धरावा.

एवढे बोलून मोबाइलच्या बाजूचे न बोलणे अन्याय होईल. ज्यांची दृष्टी अधू झाली त्यांना अक्षर हवे तेवढे मोठे करून ज्ञानेश्वरी वाचता येते, ज्यांना दिसतच नाही त्यांना ती ऐकता येते. परदेशी गेलेल्या लेकीला आषाढीच्या रात्री गाथा उघडता येतो. अभंगाचा एकच चरण आठवत असेल तर तो क्षणात सापडतो. पूर्वी त्यासाठी फडातल्या बुजुर्गाची मर्जी सांभाळावी लागे, आणि बायकांना व खालच्या मानल्या गेलेल्या जातींना तर ती मर्जीही मिळत नसे. पोथी सोवळ्यात बांधून ठेवणारे घर आपण विसरू नये. तिला कुलूप नव्हते हे खरे, पण सोवळे हे कुलपाहून अवघड दार होते. मोबाइलने ते उघडले. भिजक्या वहीची उरलेली पाने पुढच्या शंभर वर्षांत वाचायला मिळावीत असे वाटत असेल तर त्यांचे नीट छायाचित्रण हाच उपाय आहे, त्याला पर्याय मला दिसत नाही.

वारीतल्या दिंडीच्या वहीविषयीही दोन शब्द. कोण कोणत्या गावचा, भिशी कुणाची आली, औषध कुणाला चालू आहे, घरी कुणाला कळवायचे, हे सगळे तिच्यात असते. पालखीतळावर लाखो माणसे जमली की संपर्क तुटतो, चार्जिंगसाठी रांगा लागतात, तेव्हा विणेकऱ्याला नाही तर चोपदाराला विचारून ही वहीच काढावी लागते. प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली, तरी कडेने भिजलेली. हिशेब मोबाइलवर ठेवा, खुशाल ठेवा. नावे मात्र कागदावरही असू द्या.

आता शिंगणापूरच्या दाराकडे परत येऊ. घरातला वडीलधारा माणूस जातो तेव्हा त्याच्या मागे दोन गोष्टी राहतात. एक मोबाइल, त्याला अंगठ्याचे नाही तर आकड्यांचे कुलूप. त्यात त्याने साठवलेले अभंग असतात, पहाटे स्वतःच्या आवाजात म्हटलेली काकडआरती असते, आणि तो अंगठा आता नाही. दुसरी फडताळातली वही. ती कुणीही उघडू शकतो. नातवाला वाचता येत नसेल तरी तो पाने उलटू शकतो, समासात आजोबांनी काढलेली चालीची खूण बोटाने चाचपू शकतो.

पण आपल्या घरांत या वह्यांचे काय होते? जुने झाले, पाय लागायला नको, रद्दीत द्यायला मन होत नाही, म्हणून पुष्कळ लोक तेराव्यानंतर त्या फडक्यात बांधून नदीत सोडतात. ज्या संप्रदायाने इंद्रायणीतून वह्या परत मिळाव्यात म्हणून तेरा दिवसांचे उपोषण आठवणीत ठेवले, त्याच संप्रदायाची माणसे आपल्या हाताने वह्या पाण्यात सोडतात, आणि तेही पुण्य म्हणून. मला ही रीत अजिबात मान्य नाही. कुठल्याशा अनाम टाळकऱ्याच्या वहीत कुठल्याशा गावच्या चालीचे, कुण्या विसरलेल्या संताच्या एखाद्या अभंगाचे एकमेव लिखित रूप असू शकते. संताजींची वही तळेगावी कुणी पाण्यात सोडली असती तर?

तेव्हा यंदा चातुर्मासात एक करा. माळ्यावरचे, देवघरामागचे, आजीच्या ट्रंकेतले बाड खाली काढा. ऊन देऊ नका, सावलीत हवा लागू द्या. वाळवी असेल तर ती पाने वेगळी ठेवा. मोबाइल आहे ना हातात, मग दिवसाच्या उजेडात पानापानाचे छायाचित्र घ्या आणि घरातल्या तिघांकडे तरी ते राहू द्या. शेवटच्या पानावर नकलणाऱ्याचे नाव, गाव, शक आहे का पाहा. नसेल तर शिसपेन्सिलीने, फार दाबून नको, तुम्हाला ठाऊक असेल तेवढे लिहा: कुणाची वही, कोणत्या दिंडीतली, कोणत्या गावची.